सवय मोजणारी पेटी : बांधणीच्या नोंदी (रावेर तालुका, सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५)

चार दिवे, चार बटणं. जो दिवा लागेल त्याखालचं बटण दाबायचं, एवढाच खेळ. दाबणाऱ्याला वाटतं दिवे मन मानेल तसे लागताहेत. खरं तर ते बारा पायऱ्यांच्या ठरलेल्या क्रमाने फिरतात. बोटं तो क्रम उचलतात आणि माणसाला पत्ताही नसतो. मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांनी १९८७ मध्ये हा प्रयोग दहा पायऱ्यांच्या क्रमावर केला होता. ज्यांची नवी आठवणच टिकत नाही अशा कोर्साकॉफ रुग्णांचाही वेग त्यात वाढला. शाळेच्या विज्ञान मंडळाला हीच पेटी स्वस्तात करायची होती. दुसऱ्या शाळांना करायची असेल तर या नोंदी घ्या. सगळं नवं घेतलं तरी साधारण अकराशे-बाराशे रुपयांत बसतं.

२१ सप्टेंबर

सामान: अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड, क्लोन म्हणजे नक्कल) १, तीस मिमीची गोल आर्केड बटणं ४, दहा मिमीचे एलईडी ४, २२० ओहमचे रेझिस्टर ४, १६×२ एलसीडी (मागे आयटूसी पट्टी असलेला, म्हणजे चारच वायरी लागतात), भोकांची पट्टी, वायर. नॅनो आणि एलसीडीतच निम्म्याच्या आसपास पैसे जातात.

आतच एलईडी असलेली बटणं दुकानात सहज मिळतात, पण त्यातले बरेच दिवे १२ व्होल्टचे असतात. पाच व्होल्टवर ते मिणमिणतात आणि दुपारच्या उजेडात दिसतच नाहीत. म्हणून दिवा वेगळा, बटणाच्या वर दोन बोटांवर. चारही दिवे एकाच रंगाचे घ्या, आणि हे महत्त्वाचं आहे. लाल-हिरवा-पिवळा-निळा असे लावले की मुलं मनातल्या मनात ‘लाल, निळा, लाल’ म्हणू लागतात. मग बोटांची सवय बाजूला राहते आणि पाठांतर मोजलं जातं.

क्लोन नॅनो लॅपटॉपला दिसला नाही तर त्याच्या यूएसबी चिपचा, सीएच३४० चा, ड्रायव्हर टाका. तरी प्रोग्राम चढला नाही तर प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा. बोर्ड खराब समजून परत करायला जाऊ नका, दहातले नऊ वेळा दोष या दोनपैकी एकातच असतो.

२४ सप्टेंबर

पहिली पेटी केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची. आपल्याकडे त्याला तोटा नाही. पण बटण जोरात दाबलं की पुठ्ठा आत जातो आणि शेजारचं बटणही हलतं. नमुना म्हणून ठीक, मोजमापासाठी बाद.

२९ सप्टेंबर

१२ मिमी प्लाय, वरची फळी ४० × २० सेंमी. खटकन बसणारी बटणं एवढ्या जाड फळीत अडकत नाहीत, मागून नट आवळायची बटणं घ्या. दोन बटणांच्या मध्यात ७ सेंमी अंतर ठेवलं. डाव्या हाताचं मधलं बोट आणि तर्जनी १ व २ वर, उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट ३ व ४ वर. एकाच बोटाने चारही बटणं दाबू दिली तर हात हलवण्यातच वेळ जातो आणि बारीक फरक बुडून जातो. पेटीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, नाहीतर बाकावरून सरकते.

५ ऑक्टोबर

जोडणी: बटणं बोर्डाच्या डी२ ते डी५ पिनांना (आतला पुलअप, म्हणजे बटण सुटं असताना पिन पाच व्होल्टवर धरणारा रेझिस्टर, वापरून; दुसरं टोक ग्राउंडला), दिवे डी६ ते डी९, एलसीडी ए४-ए५.

प्रोग्राममध्ये ‘डिले’ (ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा) कुठेही नको. डिले चालू असताना बटण दाबलं तर बोर्डाला कळतच नाही. सगळा वेळ ‘मिलिस’ ने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) मोजा. एलसीडीवर अक्षरं लिहायलाही बोर्डाला वेळ लागतो, म्हणून पडद्यावर लिहायचं ते फेरी संपल्यावरच.

मोठी डोकेदुखी बटणाच्या थरथरीची. बटण एकदा दाबलं तरी आतला पत्रा काही मिलिसेकंद उघडझाप करतो. बरोबर दाबलं, दिवा गेला, आणि तेवढ्यात जुन्याच बटणाची थरथर ‘चुकीचं बटण’ म्हणून नोंदली गेली. चुका अशा भरमसाट येतात की माणूस आंधळा आहे की काय असं वाटावं. उपाय: एकदा दाबलेलं बटण पुढचे ४० मिलिसेकंद ऐकायचंच नाही. पण फक्त तेच बटण, चारही नाहीत. का, ते १७ तारखेच्या नोंदीत.

१० ऑक्टोबर

या पेटीचा सगळा जीव क्रमात आहे, म्हणून इथे सविस्तर.

सुरुवातीला १९८७ चाच क्रम घातला: ४-२-३-१-३-२-४-३-२-१. यात २ आणि ३ तीन-तीनदा येतात, १ आणि ४ दोन-दोनदाच. आता हा क्रम काढून साधा सरमिसळ क्रम दिला आणि माणूस मंदावला, तर त्यातून काय कळलं? क्रम मोडल्यामुळे मंदावला असेल, किंवा २-३ कमी येऊ लागल्यामुळेही. दोन्ही एकात मिसळतात. शिवाय वीस मिनिटं बटणं दाबली की कोणाचाही हात साफ होतो, त्याला सवय म्हणता येत नाही. वेग वाढलेला दाखवून ‘बघा, सवय लागली’ म्हणणारी प्रदर्शनातली मॉडेलं इथेच घसरतात.

म्हणून बारा पायऱ्यांचे दोन क्रम घेतले. रीड आणि जॉन्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे:

क्रम अ: ३-४-२-३-१-२-१-४-३-२-४-१
क्रम ब: ३-४-१-२-४-३-१-४-२-१-३-२

कागदावर तपासून बघा. दोन्हीत प्रत्येक दिवा तीनदाच येतो. एकामागून एक येऊ शकणाऱ्या ज्या बारा जोड्या आहेत (१-२, १-३, १-४ वगैरे), त्या दोन्हीत एकेकदाच येतात. ‘१-२-१’ सारखं लगेच मागे फिरणंही दोन्हीत एकदाच. फरक एवढाच की मागचे दोन दिवे पाहिल्यावर तिसरा कोणता, हे दोन्हीत वेगळं आहे. ‘अ’मध्ये ३-४ नंतर २ येतो, ‘ब’मध्ये १. बाराच्या बारा ठिकाणी असंच. म्हणजे ‘अ’ मुरलेला माणूस ‘ब’वर अडखळला, तर त्याच्या बोटांना दोन पायऱ्यांमागचा क्रम ठाऊक होता याखेरीज दुसरं कारण उरत नाही.

एका फेरीत क्रम आठदा, म्हणजे ९६ दाब. फेरी १ ते ६ ‘अ’, सातवी ‘ब’, आठवी पुन्हा ‘अ’. हिशोब: सातवीचा वेळ वजा (सहावी आणि आठवीची सरासरी). आठवी फेरी गाळू नका. ती नसेल तर सातवीतला मंदपणा थकव्यामुळे आला, असं कोणीही म्हणेल आणि त्याला उत्तर देता येणार नाही.

प्रत्येक फेरी क्रमाच्या वेगळ्या पायरीपासून सुरू करा. दरवेळी ३-४-२ नेच सुरुवात झाली तर ती सुरुवात तेवढी डोक्यात बसते.

१४ ऑक्टोबर

नॅनोची चालती स्मृती २,०४८ बाइट, कायमची १,०२४ बाइट. एक वेळ दोन बाइटमध्ये ठेवला तर आठ फेऱ्यांना १,५३६ बाइट लागतात, कायमच्या स्मृतीत मावत नाहीत. चार मिलिसेकंदाचं एक माप धरून वेळ एका बाइटमध्ये बसवला: २५४ × ४ = १,०१६ मिलिसेकंदांपर्यंत मोजता येतं, त्यापुढचं सगळं २५५, म्हणजे ‘उशीर’. मग ७६८ बाइटमध्ये काम होतं. वीज गेली तरी आकडे राहतात.

फेरीची सरासरी काढू नका, मध्यक (सगळे वेळ चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढा. खिडकीतून कोणी हाक मारली आणि मुलगा दोन सेकंद वळून बसला, तर ९६ दाबांची सरासरी हलते. मध्यकाला त्याचं काही नाही.

१७ ऑक्टोबर

पहिली तुकडी, आठवी-नववी. आकडे विचित्र आले. सहाव्या फेरीत काही मुलांचे दाबच कमी नोंदले गेले होते.

कारण प्रोग्राममध्ये सापडलं. शंभर मिलिसेकंदांच्या आतले दाब ‘गडबड’ म्हणून टाकून दिले जात होते. दिवा डोळ्याला दिसून बोट हलायला साधारण २०० मिलिसेकंद तरी जातात, त्यामुळे शंभरच्या आतला दाब दिवा बघून आलेला नसतोच. तो आधीच निघालेला असतो. म्हणजे जी गोष्ट शोधायला पेटी केली, तीच चाळणीतून खाली पडत होती. आता हे दाब ‘आगाऊ’ म्हणून वेगळे मोजले जातात. दोन दिव्यांमधल्या अंधारात पडलेले दाबही त्यातच, चुकीच्या बटणाचे असले तरी. ‘ब’ फेरीत आगाऊ दाब चुकीच्या बटणावर पडतात आणि तिथे नेमकं ‘अ’मधलं पुढचं बटण असतं. हा आकडा वेळेपेक्षा जास्त बोलका निघाला. आणि थरथरीसाठी चारही बटणं ४० मिलिसेकंद बंद ठेवली असती, तर यातले काही दाब गेले असते.

दुसरी भानगड म्हणजे क्रम फुटला. मधल्या सुट्टीत एकाने कागदावर लिहून काढला आणि दुपारच्या तुकडीला तो पाठ. उपाय सोपा: प्रोग्रामने दर खेळाडूला बटणांचे नंबर फिरवून द्यायचे. चार नंबर २४ प्रकारे मांडता येतात. क्रमाचा सांगाडा तोच राहतो, पण एकाचा पाठ दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही.

सूचना एकच आणि छोटी ठेवा. ‘दिवा पेटना का दाब’ (दिवा पेटला की दाब) एवढ्यावर काम भागतं. ‘क्रम ओळखा’ हे शब्द चुकूनही नकोत.

२३ ऑक्टोबर

दाब आणि पुढचा दिवा यांत मूळ प्रयोगाप्रमाणे ५०० मिलिसेकंदांचा अंधार होता. एवढा वेळ मिळाला की हुशार पोरं विचार करतात आणि क्रम हुडकतात. अंधार शून्यावर आणला तर क्रम शब्दांत सांगता येणं कमी होतं. हे डेस्ट्रेबेक आणि क्लीरमन्स यांनी २००१ मध्ये दाखवलंय. पण शून्यावर अंधारातले आगाऊ दाब मोजता येत नाहीत आणि पेटी अंगावर धावून आल्यासारखी वाटते. २५० वर थांबलो. क्रम कळलेली काही मुलं निघणारच, त्यांना शेवटी वेगळं काढायचं.

ते असं: आठवी फेरी झाली की दिवे बंद. ‘आता तुम्हीच दाबा, मघाचे दिवे जसे लागत होते तसे.’ ९६ दाब. सलग तीन दाबांच्या गटात तिसरा दाब ‘अ’शी किती वेळा जुळतो ते मोजा. तेच बटण लागोपाठ दाबायचं नाही असं सांगितलं, तर नुसत्या अंदाजाने एक तृतीयांश जुळतात. त्याहून बरेच जास्त जुळले तर त्या मुलाला क्रम माहीत आहे, त्याचा आकडा वेगळ्या रकान्यात.

चुकीच्या दाबाला वाजणारा बझर काढून टाकला. आवाज झाला की मुलं घाबरून संथ आणि सावध खेळतात. संथ खेळात सवय दिसत नाही.

आठ फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, असं धरून एका माणसाला बारा-तेरा मिनिटं लागतात.

१८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून त्याच मुलांना पुन्हा बसवलं, नंबरांची मांडणी प्रत्येकाची पूर्वीचीच. पहिली फेरी सगळ्यांचीच ढिली. पण ‘ब’ लावल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तीच अडखळण आली, सुट्टीआधीसारखीच. मधल्या काळात कोणी पेटीला हात लावलेला नव्हता. ज्यांना क्रम शब्दांत येत होता, त्यांतल्या काहींना तो आता सांगता येईना, पण बोटं चालत होती. दुसरी बैठक नक्की ठेवा, प्रयोगाचा अर्धा माल तिच्यात आहे.

२५ नोव्हेंबर

मागच्या आठवड्यात मतदानासाठी खोली द्यावी लागली, पेटी दुसऱ्या वर्गात गेली. तिथे बाक नव्हते म्हणून मुलं मांडी घालून जमिनीवर बसली. सगळ्यांचेच आकडे बिघडले. मनगटाचा कोन बदलला की सराव अर्धा वाया. आता नियम: बाक तोच, पेटीची जागा खडूने आखलेली, कोपर बाकावर टेकलेलं.

३० नोव्हेंबर

‘नको’ची फेरी जोडली. मुरलेल्या मुलाला सांगायचं: आता २ नंबरचा दिवा लागला तर दाबायचं नाही. ८०० मिलिसेकंदांनी पुढचा दिवा आपोआप येतो. तरीही दोन नंबरचं बटण किती वेळा दाबलं जातं ते ‘अ’मध्ये आणि ‘ब’मध्ये वेगळं मोजायचं.

कल्पना उंदरांच्या प्रयोगातून आली. अ‍ॅडम्स यांच्या १९८२ च्या प्रयोगात काही उंदरांनी दांडी दाबून साखरेची गोळी मिळवायचा सराव १०० वेळा केला, काहींनी ५०० वेळा. मग ती गोळी लिथियम क्लोराइडने मळमळ आणून नकोशी केली. थोडा सराव झालेल्यांनी दांडी दाबणं कमी केलं, जास्त सराव झालेले दाबतच राहिले. माणसांत हे इतकं सरळ येत नाही. सान्ने डी विट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पाच प्रयोगांत सराव वाढवून पाहिला, उंदरांसारखा निकाल एकातही मिळाला नाही. त्यामुळे या फेरीत दोन क्रमांमधला फरक किरकोळ आला किंवा आलाच नाही, तर पेटी खोलून बसू नका. आमच्याकडे तो काही मुलांत दिसतो, काहींत नाही. फेरी ठेवली, कारण पोरांना आवडते. निकालात मात्र धरत नाही.

८ डिसेंबर

प्रदर्शनासाठी तक्ता. पहिल्या तक्त्यावर मेंदूचं चित्र होतं आणि बाण काढून ‘सवय इथे साठते’ लिहिलं होतं. खोडलं. बेसल गँग्लियातला (मेंदूच्या खोलातल्या पेशीसमूहांतला) स्ट्रायटम हा भाग सवयीसाठी लागतो हे खरं, पण तिथे कप्पा नाही. मेंदूच्या सालीपासून स्ट्रायटमकडे येणाऱ्या जोडण्यांची ताकद बदलते, आणि डोपामिन हे मेंदूतलं रसायन कोणती जोडणी घट्ट व्हावी ते ठरवायला मदत करतं. साठवण म्हणायची तर ती या बदललेल्या जोडण्यांत. सराव वाढतो तसा भार स्ट्रायटमच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे सरकतो, हे मुख्यतः उंदरांवरून कळलंय. माणसात ती बाहेरची बाजू म्हणजे पुटामेनचा (स्ट्रायटमच्याच एका तुकड्याचा) मागचा भाग.

दोन गोष्टी चित्रासह ठेवल्या. एक, अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेतलं १९९९ चं काम: टी आकाराच्या वाटेत उंदीर पक्का झाला की स्ट्रायटममधल्या पेशी वाटभर न पेटता मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी पेटतात. दोन, १९९६ चं नोल्टन, मँगल्स आणि स्क्वायर यांचं: पार्किन्सनच्या रुग्णांना (त्यांच्या स्ट्रायटमला डोपामिन कमी पडतं) प्रयोगाचा प्रसंग आठवत होता पण पत्ते बघून पाऊस की ऊन ते ओळखण्याचा, हळूहळू मुरणारा अंदाज येत नव्हता, स्मृती गेलेल्यांचं नेमकं उलट.

कोणीतरी खाली ‘२१ दिवसांत सवय’ असं सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं. त्यावर कागद चिकटवला. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात ९६ जणांनी बारा आठवडे रोज एक साधी गोष्ट केली. ज्यांचा आलेख नीट बसला त्यांत मध्यक ६६ दिवसांचा, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत. २५४ हा आकडा बारा आठवड्यांच्या पुढे आलेख वाढवून काढलेला आहे, हेही लिहिलं. आणि आपली पेटी तेरा मिनिटांत दाखवते ती बोटांची सवय. दात घासण्याशी किंवा तंबाखूशी तिची थेट तुलना करू नका.

१५ डिसेंबर

प्रदर्शनात तेरा मिनिटं कोण उभं राहणार? छोटी आवृत्ती करून पाहिली. चार फेऱ्यांत फरक भरवशाने दिसत नाही. मग उलटं केलं: खेळणारा आपला मुरलेला विद्यार्थी आणि पाहुण्याच्या हातात चोरकळ. कळ एका बाजूला ‘अ’, दुसऱ्या बाजूला ‘ब’. पाहुणा हवं तेव्हा फिरवतो, खेळणाऱ्याला दिसत नाही, आणि मागच्या एलसीडीवर शेवटच्या बारा दाबांचा मध्यक उडी मारतो. बदल चालू क्रम संपल्यावरच लागू होतो, तेवढं प्रोग्राममध्ये घाला.

कळीचा ‘टक’ आवाज ऐकून पोरं सावध होत होती, म्हणून कळ दोन मीटर वायरीवर नेली. लांब वायरीवर नॅनोचा आतला पुलअप अपुरा पडतो, ट्यूबलाइट लावली तरी क्रम आपोआप बदलायचा. डी१० वर बाहेरून ४.७ किलोओहमचा पुलअप आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावल्यावर थांबलं.

भारनियमनासाठी पॉवर बँक. ती दर अर्ध्या मिनिटाने बंद पडते, कारण नॅनो एवढी कमी वीज घेतो की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. पाच व्होल्टवर ४७ ओहम, १ वॅटचा रेझिस्टर आडवा टाकला की साधारण १०० मिलिअँपिअर जास्तीचे ओढले जातात आणि बँक जागी राहते. रेझिस्टर चांगलाच तापतो, प्लायला चिकटू देऊ नका.

२८ डिसेंबर

प्रदर्शन. सकाळच्या थंडीत बोटं आखडलेली, सगळ्यांचेच वेळ वाढलेले. फरकाला धक्का नाही, कारण ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही सारखेच मंदावतात. म्हणून एलसीडीवर नुसता वेळ न दाखवता फरक दाखवा.

आपल्या वडिलांना पार्किन्सन आहे का ते पेटीवर बघून द्या, अशी विचारणा झाली. नाही. एका माणसाचे आकडे इतके वरखाली होतात की त्यावरून कोणाच्याही मेंदूबद्दल काही सांगता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जायला सांगायचं. तशी पाटीही लावली. मुलांची नावं पेटीत ठेवत नाही, फक्त क्रमांक, आणि पालकांची लेखी परवानगी आधी.

६ जानेवारी

पेटी अमळनेरकडच्या शाळेला दिली. सोबतच्या कागदावर: बटणांचे नट दर आठवड्याला आवळणे. बटणं अडकू लागली तर आतली धूळ ब्रशने काढणे, तेल अजिबात नको. नव्या खेळाडूआधी स्मृती पुसणे आणि मांडणीचा नंबर वहीत टिपणे. दुसऱ्या बैठकीला तोच नंबर हाताने घालणे, नाहीतर मागचा सगळा सराव फुकट. तीन नंबरच्या दिव्याची सोल्डरिंग कच्ची आहे, प्रवासात सुटली तर २२० ओहमच्या रेझिस्टरच्या टोकाला बघा.